पार्सल घेणारा हात

१

दिपमालाने तो फोटो तिसऱ्यांदा मोठा करून पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

फोटोत तिच्याच घराचा उंबरा होता. कडेला निळ्या फळीची बोटभर पट्टी, मध्ये तपकिरी पार्सल, आणि ते घ्यायला पुढे आलेला बाईचा हात. मनगटात हिरव्या बांगड्या, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग. खाली तारीख होती बारा सप्टेंबर, वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं, आणि शेरा, 'पार्सल विक्रेत्यास मिळाले'.

तो डाग खापरावर मांडे टाकताना पडलेला. तीन वर्षं झाली. हात तिचाच होता.

आणि बारा सप्टेंबरच्या दुपारी एक वाजता ती घरात नव्हतीच. ती फुले मार्केटात, हस्तीमलशेठच्या दुकानात साड्या निवडत बसली होती.

जळगावात मेहरूणच्या दोन खोल्यांतून दिपमाला साड्या विकायची. नवरा पंडित सुरतेला कापडाच्या गिरणीत, महिन्यातून एकदा यायचा. घरात ती आणि सासूबाई भिकुबाई. मोबाइलवर साडी दाखवायची, साइटवर ऑर्डर आली की बांधून पाठवायची. कोणाला पसंत पडली नाही की ती परत यायची. परतीचं पार्सल देताना विक्रेत्याच्या मोबाइलवर चार आकडे येतात. ते पार्सलवाल्याला सांगायचे, तो दारात एक फोटो काढतो, की झाली पोच. चार वर्षं हे सुरळीत चाललं. गेल्या महिन्याभरात मात्र परतीची सात पार्सलं 'मिळाली' अशी नोंद होऊन मिळालीच नाहीत.

साडी नाही म्हणून तिने पैसे परत केले नाहीत. ग्राहकांनी बँकेकडे तक्रार केली आणि बँकेने तिच्या खात्यातून पैसे उलटे ओढून घेतले. साडीही गेली, पैसेही गेले. तेवढ्यावर भागलं असतं तर तिने कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. पण धुळ्याच्या चेलना नावाच्या बाईने पोलिसांत अर्ज दिला, आणि सायबर शाखेची नोटीस आली. सोमवारी सकाळी अकराला हजर राहा. आरोप फसवणुकीचा.

धुळं म्हणजे दिपमालाचं माहेर. गल्ली नंबर चारमध्ये तिचे आबा तीस वर्षं शिक्षक म्हणून मान खाली न घालता चालले. त्यांची मुलगी चोर ठरणार, तीही त्याच गावात. हे मनात आलं की तिला श्वास पुरायचा नाही.

साइटवाल्यांना तिने लिहिलं होतं, की मला पार्सल मिळालं नाही. त्यावर त्यांनी आज हा फोटो पाठवला होता. मी घेतलं आणि विसरले? डोकं फिरलंय का माझं?

तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर, त्यावरून मेसेज.

'वहिनी, सोमवारी धुळ्याला येऊ नका. पैसे भरा, मिटवून टाका. तुमच्या निळ्या दाराची कडी आतून नीट लागत नाही. म्हातारी दुपारी एकटी असते.'

दिपमाला धडपडत दाराशी गेली. कडी सरकवली, ती एका झटक्यात घट्ट बसली. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. श्रावणात घरी कानबाई देवी बसवली, त्या वेळचा उरलेला पोपटी रंगाचा डबा कोपऱ्यात होता, तो तिने ओढून दाराला लावला आणि त्यावर बसून राहिली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण हा राक्षस घरचा पत्ता सांगत होता.

२

शेजारच्या पुष्पाअक्का टपाल खात्यात एकतीस वर्षं पार्सलच्या खिडकीवर बसून निवृत्त झालेल्या. बारीक चणीची बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि जिभेला हाड नाही. त्या म्हणायच्या, "माणूस खोटं बोलतो, पार्सल नाही." सगळं ऐकून त्यांनी आधी दिपमालाला गूळ-पाणी दिलं, मग फोटो पाहिला, मग मेसेज. मेसेज दोनदा वाचला.

"रडून झालं असेल तर सांग. हे घर आतून कोणाकोणाला माहीत आहे?"

दिपमालाने बोटं मोडत सांगितलं. धाकटा दीर स्वप्नील पाचोऱ्याला असतो, पण सणावाराला इथेच. हस्तीमलशेठचा मुलगा अमन माल घेऊन येतो. आताचा पार्सलवाला ज्ञानेश्वर.

"आणि त्याच्या आधीचा?"

"किरणभाऊ? अहो अक्का, ते तर देवमाणूस. आषाढात बढती मिळाली, धुळ्याच्या गोदामात मुख्य झाले. मी राखी पाठवते त्यांना. कालच त्यांचा फोन आला, वहिनी घाबरू नका म्हणाले. गोदामातर्फे सोमवारी तेच येणार आहेत पोलिसांपुढे."

"बरं," अक्का म्हणाल्या. "आणि सासूबाई?"

दिपमाला चमकली. "अक्का, त्यांचं काय?"

"चार आकडे मोबाइलवर आले, ते कोणीतरी सांगितले, म्हणून पोच लागली. धंद्याचा मोबाइल तू बाजारात जाताना कुठे ठेवतेस?"

"घरीच."

भिंतीपलीकडे भिकुबाई खोकत होत्या. आठ दिवसांत त्या धड जेवल्या नव्हत्या, हे दिपमालाला आत्ता आठवलं.

दुपारी ज्ञानेश्वर आला. कोवळ्या मिशीचा, घामाघूम. अक्कांनी त्याला उंबऱ्यातच गाठलं.

"ती सात पार्सलं कुठे आहेत रे?"

"आक्का, आईशप्पथ, माझ्या थैलीत ती आलीच नाहीत! गणपतीनंतर मी या भागात लागलो. माझ्या यादीत ती नावंच नव्हती." त्याने मोबाइल पुढे केला. हात थरथरत होता. "मला कामावरून काढतील हो. माझी बायको बाळंतपणाला आलीय."

"थरथरतो म्हणजे चोरच," तो गेल्यावर दिपमाला पुटपुटली.

"मग तूही चोर. तुझा हात बघ."

संध्याकाळी स्वप्नीलला फोन लावला, तर तो उखडला. "वहिनी, मी कितीदा सांगितलं हा धंदा बंद करा म्हणून! दादा तिकडे, आई म्हातारी. आता पोलीस!" आणि मग आवाज खाली आणून, "मी कानबाईला आठ दिवस राबलो तुमच्याकडे. कडी-कोयंड्यापासून सगळं करून दिलं. माझ्यावर संशय घेताय का?" त्याने फोन आपटला.

अक्का मात्र गालात हसल्या. कशाला, ते काही सांगेनात.

३

दुसऱ्या दिवशी दोघी फुले मार्केटात गेल्या. हस्तीमलशेठ गादीवर जपमाळ ओढत होते. अमन काउंटरमागे. दिपमालाला पाहताच त्याने घाईने एक गठ्ठा खाली सारला.

अक्कांचे डोळे चष्म्याच्या वर होते. "काढ बाळा तो गठ्ठा."

गठ्ठ्यात दोन साड्या निघाल्या. एक मोरपंखी, एक डाळिंबी. दिपमालाने डाळिंबी साडीची घडी उलगडली. आतल्या पदरात पाच तांदळाचे दाणे आणि हळदीचं बोट होतं. मोकळी साडी बाईच्या हाती देऊ नये म्हणून भिकुबाई प्रत्येक साडीच्या घडीत ओटीचे पाच दाणे घालत. साड्या तिच्याच होत्या. हरवलेल्या सातांतल्या.

"अमनभाऊ, तुम्ही?"

"भाभी, चोरीच्या आहेत हे मला आधी माहीत नव्हतं!" अमनचा चेहरा पांढराफटक. "धुळ्याहून एक बाई मोबाइलवर स्वस्त साड्या टाकते. मला वाटलं कोणाचा माल पडून आहे. घरी उघडल्यावर तांदूळ दिसले. तुमच्याकडचीच पद्धत ती. पण सांगितलं असतं तर तुम्ही मलाच चोर म्हणाला असता."

हस्तीमलशेठांची माळ थांबली. "खरं बोलतोस का अमन?"

"पप्पा, नवकार मंत्राची शपथ."

"पोरा," अक्कांनी मध्येच विचारलं, "हिच्या घरी शेवटचा कधी गेलास?"

"कानबाईच्या विसर्जनाला, श्रावणात. फुगडी बघायला आईला घेऊन गेलो होतो. का?"

"काही नाही. त्या धुळ्याच्या बाईचा नंबर लिहून दे."

बाहेर आल्यावर दिपमालाने अक्कांचा हात धरला. "म्हणजे अमन?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतेस तू," अक्का म्हणाल्या. "कालपासून फोटोतला हात बघतेस. हाताच्या शेजारी बघ की."

दिपमालाने मोबाइल काढला. हाताच्या शेजारी दार होतं. तिचं दार. तेच ते, वीस वर्षांचं ओळखीचं दार. तिला काहीच दिसेना. भीतीने माणसाचे डोळे उघडे राहतात आणि नजर मात्र जाते.

मेहरूणला पोचल्या तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. रंगाचा डबा आडवा पडलेला. आत भिकुबाई नव्हत्या.

४

"आत्या!" दिपमालाने सासूला हाक मारली. स्वयंपाकघर रिकामं, मोरी रिकामी. 'म्हातारी दुपारी एकटी असते.' मेसेजमधले शब्द तिच्या कानात घण घालू लागले. ती गल्लीत धावली, परत आली, पुन्हा धावली. कोणी काही पाहिलं नव्हतं.

अक्का मात्र घरातच उभ्या होत्या. त्यांनी धान्याच्या कोठीकडे बोट केलं. कोठी भिंतीपासून हातभर पुढे सरकलेली होती.

भिकुबाई कोठीमागे बसल्या होत्या. पदर तोंडावर, गुडघे पोटाशी. सत्तरीची बाई लहान पोरीसारखी लपलेली.

"आत्या, काय झालं? कोण आलं होतं?"

"गल्लीमा खाकी कपडावाला उनता," भिकुबाई कुजबुजल्या. "दार लावाले गऊ, तं त्यानी माले देखं. तशीच पळनू, आनि आठे लपनू. पोलीस माले लई जातीन का व माय?"

तो वीजमंडळाचा माणूस होता, रीडिंग घ्यायला आलेला. दिपमालाने सासूला जवळ घेतलं. त्या कुडकुडत होत्या, भर दुपारी.

"तुम्हाला का नेतील पोलीस?"

भिकुबाईंनी पदर आणखी तोंडावर ओढला. मग पदराआडून आवाज आला. "आकडा मीच सांगात."

त्यांना अक्षर वाचता यायचं नाही, पण आकडे बाजाराने शिकवलेले. पार्सलवाल्याचा फोन त्यांच्या बटणाच्या फोनवर यायचा. माय, मोबाइलवर काय आकडे आलेत ते सांगा, उठायचा त्रास घेऊ नका, पार्सल उंबऱ्याशी ठेवून जातो. पूर्वीपासून असंच चालायचं, पार्सल खरंच उंबऱ्याशी असायचंही. महिनाभर मात्र आकडे जात होते आणि उंबरा मोकळाच राहत होता. नोटीस आली तेव्हा भिकुबाईंना उमगलं, की हे आपल्या हातून झालं.

"कोणाला सांगितले आकडे? नाव सांगा, आत्या."

भिकुबाईंनी मान हलवली. "नाव माले सांगता येस नही. त्यानी माले कानबाईनी आन घाली. आन मोडी तं घरवर कोप व्हई."

दिपमाला हतबल होऊन अक्कांकडे वळली. सोमवार दीड दिवसावर होता. साक्षीदार घरातच होती, आणि देवीच्या शपथेने तिचं तोंड बांधलेलं होतं.

"नको सांगू बाई," अक्का भिकुबाईंना म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आण पाळ तू. कानबाईने मला केव्हाच सांगितलंय." आणि दिपमालाकडे वळून, "तुझ्याकडे कानबाईच्या रोटाच्या जेवणाचे फोटो असतील ना? सगळे भाऊबंद दारात उभे राहून काढलेले?"

५

सोमवारी धुळ्याच्या सायबर शाखेत पंख्याचा कर्रर्र आवाज होत होता. येताना दिपमाला गल्ली नंबर चारवरून तोंड झाकून आली होती. समोर तक्रारदार चेलना. पावती, पार्सल उचलल्याची नोंद, सगळं घेऊन आलेली नेटकी बाई. ती खोटं बोलत नव्हती, हे दिपमालाला पहिल्या वाक्यातच कळलं. तिने साडी खरोखर परत दिली होती.

पलीकडे किरण. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. त्याने दिपमालाला हात जोडले. "वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

फौजदारबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. "हा हात तुमचा?"

"हो," दिपमाला म्हणाली.

"मग पार्सल मिळालं नाही असं कसं म्हणता?"

गोदामातर्फे किरण पुढे झाला, सौम्य आवाजात. "मॅडम, बाई वाईट नाहीत. कामाच्या गडबडीत विसरल्या असतील. पैसे भरून देतील, मिटवून टाका. त्या दिवशी ज्ञानेश्वरला दुसरीकडे पाठवलं होतं. मी स्वतः जळगावला जाऊन पार्सल दिलं."

"तुम्ही स्वतः?" मागच्या बाकावरून अक्का म्हणाल्या. "हिच्या दारात?"

"हो आजी. फोटोही मीच काढला."

"बारा सप्टेंबरला?"

"तारीख आहेच की खाली."

"आणि दार कुठल्या रंगाचं होतं?"

किरणने फोटोकडे न बघताच उत्तर दिलं. "निळं. वर्षानुवर्षं निळंच आहे."

दिपमालाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने फोटोतली ती बोटभर पट्टी पाहिली, आणि तिला पहिल्यांदा दिसलं. निळी. तिच्या घरचं दार आता निळं कुठे होतं? दोन महिने ती पोपटी दार उघडत होती, त्याच रंगाच्या डब्यावर बसून रडली होती, आणि मनात मात्र जुनंच दार जपून होती.

अक्कांनी मोबाइल फौजदारबाईंपुढे धरला. कानबाईचा रोट, दारात उभे वीस भाऊबंद, मागे पोपटी दार. तारीख तीन ऑगस्ट.

"मॅडम, आमच्याकडे कानबाई बसायच्या आधी घर रंगवतात. जुन्या रंगात देवी बसवत नाहीत. हिच्या दिराने श्रावण लागताच दार पोपटी केलं. त्यावरून घरात भांडणही झालं. म्हणजे निळ्या दाराचा फोटो सप्टेंबरचा असूच शकत नाही. हात हिचाच, पार्सलही खरं, पण ते उन्हाळ्यातलं दुसरंच कुठलं तरी. जुना फोटो, नवी तारीख."

फौजदारबाई पुढे झुकल्या. "मग टाकला कोणी?"

"दिपमालाला मेसेज आला, 'निळ्या दाराची कडी लागत नाही.' दिराने रंगाबरोबर कडीही नवी बसवली. ती आता घट्ट लागते. मग लिहिणारा कोण? दीर नाही, त्यानेच रंगवलं. अमन नाही, त्याने विसर्जनाला नवं दार पाहिलं. ज्ञानेश्वर नाही, तो गणपतीनंतर आला, त्याने निळं दार कधी पाहिलंच नाही. निळं ज्याला पाठ आहे आणि पोपटी ज्याने पाहिलेलं नाही, असा माणूस एकच उरतो. आषाढात जो जळगाव सोडून गेला, तो." त्यांनी चष्मा खाली सोडला. "आणि तो आत्ता म्हणाला, की बारा सप्टेंबरला मी स्वतः गेलो होतो."

किरणच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही मला राखी पाठवता..."

"म्हणूनच आत्यांना आण घातलीस का?" दिपमाला उभी राहिली. "ती बाई पोलिसांच्या भीतीने कोठीमागे लपली, किरण. आठ दिवस जेवली नाही. आणि तू तिच्या हातचा चहा पिऊन मोठा झालास!"

बाकीचं तासाभरात उलगडलं. अमनने दिलेला नंबर किरणच्या बायकोचा निघाला. चेलनाची साडी तर अजून गोदामातच, टेबलाखाली होती. चेलनाने आपले कागद पिशवीत भरले आणि फौजदारबाईंना म्हणाली, "माझी तक्रार मागे. यांच्याविरुद्धची." मग दिपमालाला, "ताई, माफ करा. मलाही भीती वाटली होती, की मला फसवलंय."

जाताना दिपमाला गल्ली नंबर चारमध्ये शिरली. तोंड उघडं ठेवून, आबांना भेटायला.

६

आठवड्याभराने ज्ञानेश्वर पाच पार्सलं घेऊन दारात आला. अमनकडच्या दोन साड्या हस्तीमलशेठने आधीच घरी पोचवल्या होत्या. मोबाइलवर चार आकडे आले.

"काकू, आकडे सांगता?"

भिकुबाई काठी टेकत पुढे आल्या. "पहिले सांग, आमनं दार कोन्ता रंगनं शे?"

ज्ञानेश्वरने गोंधळून दाराकडे पाहिलं. "पोपटी."

"मंग सांग व माय त्याले."

दिपमालाने आकडे सांगितले. ज्ञानेश्वरने फोटोसाठी मोबाइल वर केला, तसा तिचा पुढे गेलेला हात आपोआप मागे आला. तिने तो पदराखाली घेतला. भीती गेली असं लोक म्हणतात, पण ती अशी हातात राहते.

भिकुबाईंनी सुनेकडे एकदा पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि आपला गोंदलेला, सुरकुतलेला हात पार्सलावर ठेवला.

"माना हातना फोटू काढ भाऊ," त्या म्हणाल्या. "आनि दार बी बठ्ठं, पुरं इऊ दे."